शिळं पाणी

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये खिडकीखालच्या ओट्यावर लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्या असत. झाकणाऐवजी तोंडाला मलमलचा तुकडा आणि रबरबँड. आत फिक्या चहाच्या रंगाचं पाणी, तळाशी कुजलेला पेंढा. वास असा, की नवीन मुलं ती खिडकी सोडून बसायची. पण त्या पाण्याचा एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला की चपलेच्या तळव्याच्या आकाराचे जीव इकडून तिकडे धावताना दिसत. पॅरामेशियम. एकाच पेशीचा प्राणी. त्याला पोट नाही, तरी दिवसभर खातच असतो.

बरण्या मामांच्या. म्हणजे होत्या कॉलेजच्याच, पण एरवी मामांशिवाय त्यांना कुणी हात लावत नसे. मामा आमचे लॅब अटेंडंट, मूळचे सिंधुदुर्गातले. वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर मामा कॉलेजात शिपाई म्हणून लागले आणि पुढे लॅबमध्ये आले ते तिथेच राहिले. दर पंधरा दिवसांनी पेंढा उकळून नवं पाणी करायचं आणि जुन्या बरणीतलं कपभर पाणी त्यात सोडायचं, हे काम ते एकोणीस वर्षं करत होते. म्हणजे आज थेंबात दिसणारं प्रत्येक पॅरामेशियम हे एकोणीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या बरणीतल्यांचं वंशज. मामा हे कधी अभिमानाने सांगत नसत. विचारलं तर म्हणत, "जगतत आपली आपण. मी फक्त मधे येत नाय."

मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. घर घाटकोपरला, कॉलेज पार्ल्याला. वर्गात मी बोलत नसे. शाळा इंग्रजी माध्यमाची असूनही इंग्रजीत उत्तर द्यायची वेळ आली की वाक्य अर्ध्यावरच तुटायचं, आणि मराठीत बोलले की मैत्रिणी म्हणायच्या, "किती पुस्तकी बोलतेस गं." त्यामुळे रिकाम्या तासाला मी लॅबमध्ये जाऊन बसायचे. मामांना माझ्या बोलण्याची गरज नव्हती. ते स्लाइड पुसत, मी बघत बसे. दोनतीन महिन्यांनी त्यांनी एक फडकं माझ्या हातात दिलं, आणि मीही स्लाइड पुसू लागले.

आमच्या विभागाच्या मॅडमचं एक आवडतं प्रॅक्टिकल होतं. काँगो रेड नावाच्या रंगात यीस्ट उकळायचं आणि ते लाल यीस्ट पॅरामेशियमला खायला घालायचं. मायक्रोस्कोपमधून दिसतं ते असं. आधी त्याच्या अंगाच्या खोबणीपाशी लाल कण गोळा होतात. मग तिथे एक बुडबुडा तयार होतो, कणांसकट सुटतो आणि पेशीत फिरायला लागतो. ही अन्नाची व्हॅक्युओल. काही मिनिटांत तो लाल बुडबुडा जांभळा होतो, मग निळा. आम्लात काँगो रेड निळा पडतो, म्हणजे आत आम्ल आलं. त्यानंतर लायसोसोम येऊन त्या बुडबुड्याला मिळतात, आपल्यातले पाचकरस त्यात ओततात, आणि खरं पचन सुरू होतं. हळूहळू आम्ल कमी होतं, निळा परत लालसर होतो, आणि उरलेला चोथा ठरलेल्या जागेतून बाहेर टाकला जातो.

मॅडम हे इंग्रजीत सुंदर शिकवत. पण एकदा दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मामांना विचारत होती, "मामा, व्हॅक्युओलच पचवते ना? मग लायसोसोम कशाला?"

मामा ट्रे धूत होते. मागे न बघता म्हणाले, "पिशवी भरून मासळी आणली, तर पिशवी जेवण रांधता काय? चूल नको?"

"म्हणजे लायसोसोम चूल?"

"चूलच. आणि चूल घरभर मोकळी ठेवत नाय कोण. घर जळात. म्हणान तीही बंद पिशवीत."

व्हॅक्युओल आणि लायसोसोम यांच्याबद्दल मी चार वर्षं वाचलं होतं. दोन्ही पिशव्याच, एकीत माल, दुसरीत तो विरघळवणारा रस. वेगळ्या असतील तोवर काहीच घडत नाही आणि एकमेकींत मिसळल्या की पेशीचं पोट भरतं. हे मला तोंडपाठ होतं. पण पाचकरस बंद पिशवीत का ठेवतात, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

त्या वर्षी कॉलेजात तपासणीची कमिटी येणार होती, गणपतीची सुट्टी संपल्यावर लगेच. मॅडमना कमिटीला हेच प्रॅक्टिकल दाखवायचं होतं. आणि त्याच सुमाराला परीक्षा विभागाने लॅबमधला एक माणूस मागितला होता. तिथे कागदपत्रांचे गठ्ठे साठले होते. मॅडमनी ऑफिसला सांगून ठेवलं होतं की बरण्यांतलं कल्चर सांभाळणारा दुसरा कुणी नाही, मामांना सोडता येणार नाही. लॅबमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. मामांनाही.

मामा दरवर्षी गणपतीला गावी जात. बरण्या तेवढे दिवस दुसऱ्या एका शिपायाकडे असायच्या, पण ते त्या मे महिन्यात निवृत्त झाले होते. निघायच्या आदल्या दिवशी मामा मला म्हणाले, "चेडवा, घरी नेशील? आठ दिवसांचो प्रश्न. मॅडमना सांगू नको, बाहेर न्यायची परवानगी नाय."

मी मान हलवली.

"चौथ्या दिवशी पाणी घालायचा. गिलासभर एकेका बरणीत. पण नळाचा ताजा नको. परातीत दोन दिवस उघडा ठेवलेला शिळा पाणी घालायचा. पावसात पालिका औषध जास्ती टाकता. ता उडान जाऊक होया."

मी परत मान हलवली. हे मला माहीत होतंच. जर्नलमध्ये मी किती वेळा लिहिलं होतं, पाणी क्लोरीनमुक्त असावं.

बरण्या कापडी पिशवीत घालून मी मेट्रोला गेले. तपासणीला बसलेल्या बाईंनी पिशवी उघडायला लावली.

"ये क्या है?"

"पानी."

"पीके दिखाओ."

"पीनेका नहीं है."

"पानी है और पीनेका नहीं है?"

मागे रांग थांबली. मला सगळं समजावून सांगता आलं असतं, दोन वाक्यांत. पण सगळे बघत होते. मागच्या एक काकू म्हणाल्या, "अगं, गणपतीचं तीर्थ असेल तिचं, जाऊ दे ना तिला." आणि मी म्हणाले, "हो." त्या तपासणीवाल्या बाईंनी वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या, मग हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि सोडलं. गाडीत मला हसू येत होतं. खरं सांगायचं टाळलं की किती पटकन सुटका होते, हे मला त्या दिवशी आवडलंसुद्धा.

आमच्या घरी पाणी सकाळी साडेपाचला येतं, पाऊण तास. आई सगळी भांडी रोज रिकामी करून परत भरते. कालचं पाणी म्हणजे शिळं. ते झाडांना, फरशीला, संडासात. प्यायला आणि देवाला ताजं. हा नियम मी शाळेत असल्यापासून माझ्याकडे आहे, म्हणजे आई चहा टाकते आणि मी भांडी रिकामी करून भरते. झोपेत असले तरी हात आपोआप चालतात.

परात मी बाल्कनीत ठेवली होती, दोन दिवस आधी. चौथ्या दिवशी सकाळीच घरी गौरी यायच्या होत्या. आदल्या रात्रीच काकू आणि आत्या आल्या होत्या, स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नव्हती. पाणी आलं. मी कळशी रिकामी केली, हंडा रिकामा केला, पिंपातलं फरशीवर ओतलं, आणि बाल्कनीतली परातही झाडांना ओतून नळाखाली धरली. भरून झाल्यावर हात पुसताना लक्षात आलं.

इथे मला थांबून नीट लिहायचं आहे, कारण पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला हा प्रसंग वेगळा सांगत होते. मी स्वतःला सांगत होते की मी चुकून ताजं पाणी घातलं. ते खरं नाही. चूक झाली ती परात भरताना. बरणीत ओतताना मला माहीत होतं. मी परात नाकाशी नेली होती आणि तो औषधाचा वास मला आला होता. पण परत दोन दिवस पाणी ठेवायचं तर चौथा दिवस जाणार, मामांनी चौथा दिवस सांगितला होता. आत्या हाक मारत होती, "काय करत्येस गं तिथे बाल्कनीत, मुखवटे पुसायचेत." मला वाटलं, गिलासभराने काय होतंय. एका बरणीत ओतलं. मग दुसरीतही ओतलं. एक तरी तशीच ठेवावी, एवढंही सुचलं नाही.

सुट्टी संपल्यावर मी लवकर कॉलेजात पोचले. बरण्या ओट्यावर ठेवल्या आणि थेंब घेतला. काहीच धावत नव्हतं. काही ठिकाणी फुगलेल्या, कडा पुसट झालेल्या आकृत्या होत्या. बाकी नुसता गाळ. पेशी मेली की तिच्या लायसोसोमांच्या पिशव्या फुटतात आणि ते रस तिलाच आतून विरघळवतात. पुस्तकात त्याचं एक चित्र असतं, बाणांसकट. मी दोन्ही बरण्यांतून बारा थेंब पाहिले.

मामा आले ते गावाहून आणलेल्या खाज्याची पुडी घेऊन. माझ्या हातात पुडी दिली, मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग बरणी उचलून पाण्याची पातळी बघितली, मलमल काढून वास घेतला, आणि परत बांधली. मला काही विचारलं नाही. माझ्या हातात खाजं होतं.

दहा वाजता मॅडम आल्या. कमिटी बाराला यायची होती.

"मामा, मेलं? सगळं?"

"हो मॅडम."

"गावाला जाताना निदान कुणाला सांगून तरी जायचं. तुमच्या भरवशावर मी ऑफिसशी भांडतेय."

मी चार पावलांवर उभी होते. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "माझ्या हातून झाला, मॅडम."

तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्याकडे कारण तयार होतं, चांगलं दिसणारं कारण. मी सांगितलं तर बरण्या बाहेर नेल्याचंही सांगावं लागेल, म्हणजे मामा अजून अडचणीत येतील. ते मी त्या दिवशी दहा वेळा घोकलं. कमिटीला मॅडमनी कांद्याच्या सालीच्या पेशी दाखवल्या. शाळेत दाखवतात तशा.

पंधरा दिवसांत मामांची परीक्षा विभागात बदली झाली. तळमजल्यावर, मागच्या इमारतीत, जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत. ऑफिसने परत मागणी केली आणि या वेळी मॅडम काही म्हणाल्या नाहीत, एवढंच. मामांचा निळा कोट लॅबच्या दारामागे बरेच दिवस लटकत होता. मग तोही कुणीतरी नेला.

मला वाटलं, कल्चर परत उभं केलं की सगळं ठीक होईल. मी कांजूरमार्गला मावशीकडे गेले की तिथल्या डबक्यांतून बाटल्या भरून आणू लागले. मुलुंडच्या एका देवळामागच्या तळ्यातलं पाणी आणलं. पेंढा उकळला. पहिल्या तीन बरण्या नुसत्या कुजल्या. चौथीत, दिवाळीनंतर, एक पॅरामेशियम दिसलं. ड्रॉपरने ते एकटं उचलून वेगळ्या पाण्यात सोडायला मला अख्खी दुपार लागली. तीन आठवड्यांत बरणी भरली.

मॅडमना दाखवलं. त्यांनी स्वतः काँगो रेडमध्ये यीस्ट उकळलं, आम्ही दोघींनी लाल दाणे निळे होताना पाहिले. मॅडम एरवी कुणाचं कौतुक करत नाहीत. त्या म्हणाल्या, "तुझ्या हाताला गुण आहे. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट यावरच कर. कल्चर तुझ्या ताब्यात." आणि मायक्रोस्कोपवरून उठताना, "इतकी वर्षं उगाच मामांवर अवलंबून होतो आपण."

त्या वाक्यानंतर मला जेवण जाईना. आई म्हणाली, ॲसिडिटी आहे, उपाशी राहतेस म्हणून होते.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या इमारतीत गेले. खोलीत छतापर्यंत गठ्ठे होते. मामा एका स्टुलावर बसून वर्षांप्रमाणे चिठ्ठ्या लावत होते. मला बघून त्यांना आनंद झाला, ते मला सहन झालं नाही.

"काय गो? वाट चुकलीस?"

मी एका दमात सांगितलं. परात, गौरी, वास आला होता तरी ओतलं, दोन्हींत ओतलं. सांगताना माझं मराठी अडखळलं, मधे इंग्रजी आलं, ते त्यांनी येऊ दिलं.

ते म्हणाले, "माका म्हायत होता. बरणीच्या तोंडाक वास होतो."

"मग तुम्ही मॅडमना का नाही सांगितलंत?"

"मी काय सांगू? बरणी माझी. तुका दिली मी." एक चिठ्ठी त्यांनी गठ्ठ्यात खोचली. "तू मॅडमना सांगितलंस?"

"नाही."

"मग माका कशाक सांगतंस?"

त्यात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी उत्तर शोधत राहिले, आणि जे सापडलं ते लाजिरवाणं होतं. मी तिथे आले होते ते त्यांनी "जाऊ दे गो" म्हणावं म्हणून. तेवढं ऐकलं असतं तर मी मेट्रोने घरी गेले असते.

ते म्हणाले नाहीत. आणखी एक चिठ्ठी खोचून त्यांनी विचारलं, "नवीन खयसून आणलंस?"

"मुलुंडच्या तळ्यातून."

"खातत?"

"खातात. दहा मिनिटांत निळे होतात."

"बरा," ते म्हणाले, आणि पुढचा गठ्ठा खाली घेतला.

मी जिना चढून सरळ मॅडमच्या केबिनपाशी गेले. आत कुणी बसलं होतं. मी बाहेर उभी राहिले, वीस मिनिटं तरी. तेवढ्या वेळात निघून जायला मला चार चांगली कारणं सुचली. आत गेले तेव्हा मॅडमनी चष्मा वर केला, आणि मी उभ्या उभ्याच बोलले. बरण्या माझ्या घरी होत्या. पाणी मी घातलं. मामांनी बजावून सांगितलं होतं. ते गावाला होते आणि त्यांच्या हातून काहीच झालेलं नाही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे तेव्हा का नाही सांगितलंस? तू तिथेच होतीस ना?"

"होते."

"मग?"

"भीती वाटली."

"कुणाची?"

मॅडम ओरडत नाहीत, कुणालाच. कमिटीचे लोक तर मला ओळखतही नव्हते.

मॅडम खिडकीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "मी त्यांना काय काय बोलले." हे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बदली आता माझ्या हातात नाही. ऑफिसला लेखी लागेल. तुझ्या सहीने. परवानगीशिवाय बरण्या नेल्यास तेही लिहावं लागेल. त्यावर तुझ्या प्रोजेक्टचं काय होईल, ते मी आत्ता सांगू शकत नाही. लिहिशील?"

मी हो म्हणाले.

तो अर्ज मी आधी इंग्रजीत लिहिला. सहज झाला, दहा ओळींत, सगळी क्रियापदं अशी की पाणी कुणी घातलं ते नेमकं कळू नये. वाचल्यावर मला ते दिसलं. मग वाटलं, ज्या माणसाबद्दल हे आहे त्याला ते स्वतः वाचता यायला हवं. मराठीत लिहायला बसले तेव्हा मात्र मला 'मी' टाळता येईना. मी नेल्या. मी ओतलं. मी गप्प राहिले. आईकडून दोन शब्दांची ऱ्हस्वदीर्घं विचारून घेतली, तेव्हा तिने कागद वाचला. वाचून झाल्यावर तो हाताने सपाट करून परत माझ्यासमोर ठेवला.

अर्जाची एक प्रत मी मामांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून ती उभ्यानेच वाचली, दोन वेळा, आणि घडी करून खिशात ठेवली. ऑफिसकडून अजून काही कळलेलं नाही. मामा अजून मागच्या इमारतीतच आहेत आणि माझ्या प्रोजेक्टच्या फॉर्मवर मॅडमनी सही केलेली नाही. बरणीचं पाणी मी दर पंधरा दिवसांनी बदलते, आणि बदललं की तळमजल्यावर जाऊन मामांना सांगून येते.